साखरेच्या कारखान्यांतील गाळणी

चहा गाळतांना आपण गाळणीकडे क्वचितच लक्ष देतों. चहाची भुकटी जाळीच्या भोकांपेक्षां मोठी, म्हणून ती वर राहते. चहा पातळ, म्हणून तो खालीं उतरतो. यांत विचार करण्यासारखें आहे तरी काय, असें आपणांस वाटतें. गाळणें म्हणजे भोकांपेक्षां मोठ्या कणांस अडविणें, हीच व्याख्या मीही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. ती व्याख्या कारखान्याच्या दारांत कशी अडखळते, तें आज सांगावयाचें आहे.

नोकरींत असतांना एकदां मी विद्यार्थ्यांस घेऊन गोदावरीच्या खोऱ्यांतील एक साखर कारखाना पाहावयास गेलों होतों. उंसाच्या मोळ्या, चरकांचा गडगडाट, वाफेचे लोट हें सारें पाहून झाल्यावर शेवटीं आम्हांस एक आडवें, खोलीएवढें पिंप दाखविण्यांत आलें. तें आपल्या आंसाभोंवतीं इतकें सावकाश फिरत होतें कीं, तें फिरत आहे हें समजण्यासच थोडा वेळ लागला. त्याचा खालचा भाग काळसर चिखलाच्या हौदांत बुडालेला, वरच्या भागावर त्याच चिखलाचा थर चढलेला, आणि एका बाजूस पातें लावून तो थर सोलून काढला जात होता. पिंपाच्या अंगावर बारीक भोकांचा पत्रा होता. एका मुलानें त्या भोकांकडे बोट दाखवून विचारलें, "गुरुजी, चिखलाचे कण तर या भोकांहून कितीतरी बारीक आहेत, मग ते आंत कां जात नाहींत?" मला उत्तर देतां आलें नाहीं. "पुढें सांगेन," असें म्हणून वेळ मारून नेली. मुलगा तें विसरला असेल; मी विसरलों नाहीं.

प्रथम हा चिखल येतो कोठून तें पाहूं. चरकांतून निघालेल्या रसांत माती, चिपाडांचे तंतू, मेण, डिंकासारखे पदार्थ आणि प्रथिनें असतात. शिवाय तो किंचित् आंबट असतो, आणि आंबट रस तसाच आटविला तर साखरेचें विघटन होऊन दाणा न धरणारी गोडी तयार होते. म्हणून रस तापवून त्यांत चुन्याचें दूध घालतात आणि आपल्याकडील बहुतेक कारखान्यांत गंधक जाळून मिळणारा वायूही सोडतात. चुन्यामुळें आंबटपणा जातो, रसांतील फॉस्फेटाशीं त्याचा संयोग होऊन पुंजके बनतात, आणि ते इतर घाण बरोबर घेऊन तळाशीं बसतात. गुऱ्हाळावर भेंडीचा चिकट रस टाकून कढईंतील मळी झाऱ्यानें काढतात, तेंच हें काम; फरक इतकाच कीं, तेथें घाण वर येते आणि येथें खालीं जाते. निवळलेला रस वरून काढून आटविण्यास पाठवितात. तळाशीं चिखल उरतो.

हा चिखल फेकून देतां येत नाहीं, कारण त्याचा मोठा भाग रसच असतो. दिवसास ५००० टन उंसाचें गाळप करणारा कारखाना घ्या. (ऊंस चिरडण्यासही आपली भाषा 'गाळप' म्हणते, ही गंमतच आहे.) शंभर टन उंसामागें साधारणतः तीन ते चार टन ओला गाळ निघतो, साडेतीन धरले तर दिवसाचा १७५ टन झाला. त्यांत शेंकडा एक भाग जरी साखर अधिक राहिली, तरी रोज साडेसतरा क्विंटल, आणि दीडशें दिवसांच्या हंगामांत २६२५ क्विंटल साखर उकिरड्यावर गेली. उंसाचा भाव उताऱ्याशीं बांधलेला असतो. तेव्हां ही साखर केवळ कारखान्याची जात नाहीं, ज्यानें ऊंस पिकविला त्याच्याही पदरांतून जाते.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. पिंपाच्या पृष्ठभागाखालीं निरनिराळे कप्पे असून त्यांतील हवा पंपानें ओढून घेतात. हौदांत बुडालेला भाग प्रथम बेताच्या ओढीनें चिखल अंगावर घेतो. या वेळीं बारीक कण भोकांतून खरोखरच आंत जातात. मुलाचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. पहिला रस गढूळच येतो. पण चिखलांत चिपाडांचा बारीक भुगा मुद्दाम मिसळलेला असतो. त्यास कारखान्यांत बगॅसिलो म्हणतात. त्याचे तंतू भोकांवर आडवेतिडवे बसतात. त्या जाळ्यांत कांहीं कण अडकतात, त्या कणांत पुढचे अडकतात, आणि पाहतां पाहतां पत्र्यावर जो थर जमतो, तोच पुढची गाळणी होतो. पत्रा केवळ आधाराला. रस गाळतो तो गाळच. चहाच्या गाळणींतही भुकटी सांचल्यावर मागचा चहा अधिक स्वच्छ आणि अधिक सावकाश येतो, हें कोणाही गृहिणीनें पाहिलेलें असतें. मीं मात्र तें कधीं वर्गांत सांगितलें नाहीं.

थर जाड होईल तसा रस निर्मळ होतो, पण वाटही बंद होत जाते. फ्रान्समधील दिजाँ शहराचा पाणीपुरवठा उभारणारा इंजिनिअर हेन्री दार्सी यानें वाळूच्या थरांतून पाणी सोडून केलेले प्रयोग १८५६ मध्यें प्रसिद्ध केले. दाबांतील फरक दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट, थर दुप्पट जाड केला तर प्रवाह निम्मा, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाळूच्या बाबतींत तो सरळ लागू पडतो. उंसाचा चिखल मऊ. जोरानें ओढतांच तो दबतो आणि आपल्याच वाटा लिंपून टाकतो. तेव्हां नुसती ओढ वाढवून भागत नाहीं. उपाय उलटाच आहे: घाण काढण्यासाठीं घाणींत आणखी भर घालावी लागते. भुगा त्या थरास पोकळ ठेवतो. तो कमी पडला तर थर लिबलिबीत होऊन रस थांबतो. फार झाला तर गाळाचें वजन वाढतें आणि त्याबरोबर जाणारी साखरही वाढते. थर हौदाबाहेर आला कीं ओढ वाढवितात आणि त्यावर गरम पाण्याचे तुषार सोडतात. तें पाणी थरांतून जातांना उरलेली साखर धुऊन नेतें. येथेंही पाणी कमी तर साखर राहते, जास्त तर तें पुन्हा आटविण्यास वाफ लागते. थरास भेग पडली तर हवा आणि पाणी दोन्ही त्या भेगेंतूनच पळतात. इतकें करूनही पिंपांतून निघालेला रस पुरता स्वच्छ नसतो. तो सामान्यतः कच्च्या रसांत मिसळून पुन्हा पहिल्यापासून पाठवितात.

हें पिंप मूळचें साखरेचें नव्हे. कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या खाणींत, दळलेल्या दगडाच्या चिखलांतून सोनें विरघळलेला द्रव वेगळा करण्यासाठीं ऑलिव्हर नांवाच्या इंजिनिअरानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत असें यंत्र तयार केलें. त्याआधीं साखर कारखान्यांत चौकटी आणि कापडें यांचा फिल्टर प्रेस असे. तो भरला कीं थांबवावा, चौकटी उघडाव्या, गाळ खरवडावा, कापडें धुवावीं, असा तो उद्योग होता. बहुतेक ठिकाणचा प्रेस गेला, पण गाळाचें 'प्रेसमड' हें नांव राहिलें.

रसांत विरघळलेल्या रंगापुढें मात्र अशा गाळणीचें कांहीं चालत नाहीं. चहाचा रंग जसा कपांत उतरतो, तसा तो थरांतून पार होतो. त्यासाठीं गंधकाचा वायू, किंवा शुद्धीकरणाच्या कारखान्यांत कोळशासारखे रंग धरून ठेवणारे पदार्थ, असे वेगळे उपाय योजावे लागतात.

पात्यानें सोललेला गाळ शेतीकडे जातो. त्यांत चुना, फॉस्फेट आणि पुष्कळ सेंद्रिय भाग असल्यानें त्याचें चांगलें खत होतें. ताजा गाळ मात्र शेतांत थेट घालूं नये. कुजतांना तो तापतो आणि कोवळ्या मुळांस इजा होते. ढीग लावून, अधूनमधून उलथून, पुरता कुजल्यावर मग तो जमिनींत मिसळावा.