बार्शीचे दप्तर आणि उपचाराची लस
सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिले ग्रामीण कर्करोग-नोंदणीचे दप्तर उघडले, आणि खेड्यांतील स्त्रियांना ग्रासणाऱ्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा अग्रस्थानी आहे हे त्या नोंदींतून लख्ख दिसले. पुढे बार्शीच्याच नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर चाचणी झाली. हा कर्करोग घडवणाऱ्या ह्युमन पॅपिलोमा विषाणूच्या एकाच तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा तिचा २००९ चा निष्कर्ष जगाने शिरोधार्य मानला.

गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्लाचा बोळा टेकवल्यावर मिनिटभरात पांढुरका डाग उमटला, तर तो कर्कपूर्व विकाराचा असू शकतो. आज असा विकार गोठवून, जाळून वा कापून काढतात, कारण प्रतिबंधक लस विषाणूला उंबऱ्यावर अडवते, घरात शिरलेल्याला हुसकत नाही. उपचारात्मक लस मात्र बाधित पेशींतील ई६ व ई७ ही विषाणूची प्रथिने ओळखण्यास शरीराच्या टी-पेशींना शिकवते. व्हीजीएक्स-३१०० या अशाच एका लसीच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६ आठवड्यांनी लस घेतलेल्या १०७ पैकी ५३ जणींचा विकार ओसरला. पण निष्क्रिय द्रव्य टोचलेल्या ३६ पैकी ११ जणींचाही ओसरला, कारण असे विकार पुष्कळदा आपोआप मावळतात. म्हणूनच तुलनेचा गट अपरिहार्य ठरतो, आणि विकार अंगात ठेवून थांबणाऱ्या त्या स्त्रियांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते.