गाडी सुटण्यापूर्वीची दहा मिनिटे

वाचकहो, सकाळी मनमाड जंक्शनच्या फलाटावर जरा उभे राहून पाहा. मुंबईकडे जाणारी पंचवटी एक्सप्रेस लागलेली असते. आपले सारे लक्ष जागा पकडण्याकडे असते. इंजिनात या वेळी काय चालले आहे, हे कोण पाहतो? पण आपला जीव त्याच दहा मिनिटांवर असतो, बरे का!

इंजिन चालवणाऱ्याला आपण अजून ‘डायव्हर’च म्हणतो. रेल्वेच्या कागदोपत्री तो आता लोको पायलट. विमानाच्या पायलटाचे आणि याचे काम सुटण्याच्या वेळी खरोखरच एका जातीचे असते. वाटेत कोठे किती वेगमर्यादा आहे, तो कागद वाचावयाचा, इंजिन तपासावयाचे, सिग्नल पाहावयाचा, आणि मुख्य म्हणजे ब्रेक पाहावयाचा.

ब्रेकचेच घ्या. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेची एक नळी जाते. इंजिनाशी तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब ठेवतात. हा दाब उतरला की ब्रेक लागतो. आता समजा, मध्येच एका डब्याजवळचा कॉक बंद राहिला, तर? इंजिनातला काटा 5 वरच दिसेल, पण मागच्या डब्यांचा दाब इंजिनातून उतरवता येणार नाही, म्हणजे त्यांना ब्रेक लागणार नाही. म्हणून पुढे दाब उतरवला, की तो मागेही उतरतो का, हे शेवटच्या डब्यातला गार्ड पाहतो. 2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. याच वाटेवर इगतपुरीपलीकडे थळ घाट आहे. तेथे 37 फुटांना एक फूट उतार. तेथे ब्रेकच नसला तर काय होईल, हे सांगावयास नको.

एवढे काम चालू असता वॉकीटॉकी बोलते, सुटण्याची वेळ जवळ येते, आणि एखादा प्रवासी खिडकीशी येऊन विचारतो, “साहेब, ही नाशिकरोडला थांबते ना?” उत्तर द्यायला दोन क्षण पुरतात. पण हातचे काम तुटते. मनाची एक खोड आहे. जे काम रोज करतो, त्यात कालची आठवण आजची वाटते. परत काटा पाहताना मन म्हणते, “हे तर झाले!” झालेले असते काल.

16 ऑगस्ट 1987 रोजी अमेरिकेत डेट्रॉइटला असेच घडले. धावपट्टी ऐनवेळी बदलली, जाताना एक वळण चुकले, आणि तपासणीची यादी वाचावयाची राहून गेली. उड्डाणासाठी पंखांच्या फळ्या सरकवून पंख रुंद करावे लागतात. त्या सरकवल्याच नव्हत्या. धोक्याचा इशारा देणारे यंत्रही बोलले नाही. विमान कोसळून 156 माणसे गेली. दोघे वैमानिक अनुभवी होते. त्यांना ज्ञान कमी नव्हते, एक पायरी सुटली होती.

आपल्याकडे 26 सप्टेंबर 2023 रोजी मथुरेस रिकामी लोकल फलाटावर चढली. तिचा ताबा घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे लक्ष मोबाईलमध्ये होते आणि पाठीवरची पिशवी त्याने वेगाच्या मुठीवर ठेवली. नशिबाने कोणी दगावले नाही.

मग उपाय काय? उपाय अगदी साधे आहेत. यादी लिहिलेली असावी, आठवणीतली नव्हे. सिग्नल दिसला की लोको पायलट आणि त्याचा सहायक दोघेही मोठ्याने त्याचा रंग उच्चारतात. तोंडाने बोलले की डोळ्याने पाहावेच लागते. विमानात 10,000 फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलू नये, असा नियम अमेरिकेने 1981 मध्ये केला. आणि काम मध्ये तुटले, तर जेथे सोडले असे वाटते तेथून नव्हे, थोडे मागून किंवा पहिल्यापासून धरावे.

गुरुजी, हजेरी घेताना कोणी हाक मारली, तर कोणता नंबर झाला हे आपणही विसरता. मुलांसमोर हा प्रयोग जरूर करून पाहा. शेतकरी बंधूंनो, गाडी जुंपताना गप्पा लागल्या आणि चाकाची खीळ पाहावयाची राहिली, तर चाक कोठे निघेल, हे आपण जाणता.

तेव्हा मंडळी, नाशिकरोडची चौकशी खिडकीवर करावी. इंजिनातल्या माणसाला त्याची दहा मिनिटे द्यावीत. ती त्याच्यापेक्षा आपल्याच कामाची आहेत.