शेक मिळेल, पण शेवटी

सकाळी 7
माळवाडीतलं माझं फिजिओथेरपी क्लिनिक इतक्या लवकर उघडतं ते हिंजवडीवाल्यांसाठी. आठनंतर हायवेला लागलं की चांदणी चौक येईस्तोवर कंबर बोलायला लागते, असं त्यांचं म्हणणं. पहिला मुलगा आल्या आल्या पालथा झोपतो आणि शेकाच्या मशीनकडे बोट दाखवतो. पॅड लावून पंधरा मिनिटं पडून राहायला कोणाला नको असतं? पण तो आराम फार वेळ टिकत नाही. म्हणून आधी खुर्चीवरून उठबस, मग ब्रिज, मग थेराबँड. वेळ उरलाच तर शेक.

सव्वाआठ
कर्वेनगरला इंजिनिअरिंग करणारी मुलगी आणि तिचे बाबा, हातात एमआरआयची पिशवी. रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ वाचल्यापासून तिने वाकणंच सोडलंय. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही दहापैकी तिघांना बल्ज दिसतो, हे 2015 सालच्या एका मोठ्या आढाव्यात आलंय. बाबांना पटलं नाही. पायातली ताकद, रिफ्लेक्स सगळं ठीक होतं, म्हणून तिला पाण्याचा पाच लिटरचा कॅन उचलायला लावला. उचलला गेला. ते पटलं.
“योगासनं चालतील?”
“चालतील की.” मॉडेल कॉलनीत योगगुरू अय्यंगारांनी पट्टे, दोर, ठोकळे लावून दुखऱ्या माणसांकडून आसनं करून घेतली, पुढे अमेरिकेत त्याच पद्धतीवर कंबरदुखीच्या चाचण्या झाल्या.

साडेदहा
नवा पेशंट, बावीस वर्षांचा, घरोघरी पार्सलं पोचवतो. कंबर वर्षभर दुखतेय. कुणीतरी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं, त्याने जास्तच वाढलं. पहाटे दुखून जाग येते, उठल्यावर तासभर अंग आखडलेलं, आणि दोन-चार जिने चढउतार केली की मोकळं. इथे माझे कान टवकारतात. साधी कंबरदुखी सहसा आरामाने निवते, ही चालल्याने निवतेय.

त्याच्या पाठीवर, कमरेच्या दोन खळ्यांच्या रेषेत, पेनाने एक खूण केली; तिच्यावर दहा सेंटिमीटरवर दुसरी. “वाक.” टेप लावली. अंतर पंधराच्या आसपास जायला हवं, साडेबारालाच थांबलं. “डोळा लाल होऊन दुखला होता का कधी?” “गेल्या दिवाळीत. तुम्हाला कसं कळलं?” अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा दाट संशय. चिठ्ठी लिहिली: संधिवाततज्ज्ञांकडे, या आठवड्यात. एचएलए-बी27, सांध्यांचा एमआरआय ते बघतील. औषधं लागतील, पण रोजचा व्यायाम सुटणार नाही, हेही आजच सांगून टाकलं.

दीड ते चार
बंद. पुण्यात आहोत.

साडेचार
आठवीतली मुलगी. पाय मुरगळून पाच महिने झाले, एक्स-रे स्वच्छ, तरी मोजा लागला की किंचाळते. लिगामेंट केव्हाच भरून आलं. नसांनी धसका सोडलेला नाही. आधी कापूस, मग टॉवेल, आज पहिल्यांदा तांदळाची परात. तिने अंगठा टेकवला, उचलला, परत टेकवला. टाच बुडेपर्यंत दहा मिनिटं गेली. आई दर मिनिटाला विचारायची, “दुखतंय का गं?” त्यांना बाहेर नेऊन म्हटलं, “काकू, आठवडाभर हा प्रश्न बंद. शाळेत किती तास बसली, ते विचारा.” मुलीपेक्षा हे काम अवघड. बाकी अशी बहुतेक मुलं व्यायामाने बरी होतात.

साडेआठ
शटर ओढताना मेसेज. “मॅडम, आठवडाभर अजिबात दुखलं नाही. रविवारी सिंहगड करू का?” हाच धोका. बरं वाटलं की एका दिवसात सगळी कसर भरून काढायची आणि पुढचे चार दिवस गादीत. लिहिलं: आतकरवाडीतून फक्त अर्धा तास चढ, कितीही बरं वाटलं तरी तिथूनच फिर. पुढच्या रविवारी पाच मिनिटं जास्त.

“मग पिठलं-भाकरी?”

“डोणज्यात खा.”