व्यवसायाची निवड : घर आणि शाळा

व्यवसायाची निवड हा विद्यार्थ्याच्या आवडीचा व कुवतीचा प्रश्न आहे, असे सामान्यतः समजले जाते. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बोस्टन येथे व्यवसायमार्गदर्शनाचे कार्यालय काढले, तेव्हा त्यांची भूमिका स्थूलमानाने हीच होती : स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंचा विचारपूर्वक घातलेला मेळ. ही त्रिसूत्री आजही उपयुक्त आहे. परंतु तिच्यात घराचा विचार पुरेसा होत नाही.

घराचा परिणाम दोन प्रकारे घडतो, हे रेमों बुदों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली स्पष्ट केले. घरची भाषा, पुस्तके व अभ्यासास मिळणारी सवड यांमुळे गुणांतच अंतर पडते, हा पहिला प्रकार. गुण सारखे असूनही पुढील मार्ग निराळे होतात, हा दुसरा. मार्गदर्शनाच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा होय.

दहावीस सारखेच गुण मिळविलेले दोन विद्यार्थी घ्यावेत. एकाचे वडील अभियंता, दुसऱ्याचे शेतमजूर. विज्ञानशाखेत अपयश आल्यास पहिल्याचे एक वर्ष वाया जाते, दुसऱ्याचे कदाचित शिक्षणच संपते. त्यामुळे दुसऱ्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची जवळची वाट धरली, तर तीत महत्त्वाकांक्षेचा अभाव नसून धोक्याचा हिशेब असतो. ब्रीन व गोल्डथॉर्प यांनी १९९७ साली हीच उपपत्ती सूत्रबद्ध केली. शिवाय तंत्रनिकेतनातील पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो, ही गोष्ट पहिल्या घरात सहज ठाऊक असते; दुसऱ्या घरी ती सांगणारे शाळेवाचून कोणी नसते.

निवडीचे क्षेत्र दहावीच्या पुष्कळ आधी आकुंचित होते, ही दुसरी अडचण. लिंडा गॉटफ्रेडसन यांच्या १९८१ सालच्या सिद्धांतानुसार मुले प्रथम आपल्या लिंगास आणि नंतर आपल्या सामाजिक स्थानास न शोभणारी वाटणारी कामे मनातून वगळीत जातात. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. अशा चाचणीचे मोल आहेच. तथापि जो व्यवसाय मुलाने कधी पाहिला वा ऐकला नाही, त्याविषयीचा कल तीत कसा उमटावा? केवळ चाचणीवर विसंबणारे मार्गदर्शन घराने घातलेल्या मर्यादेवर नकळत शास्त्राचे शिक्कामोर्तब करते.

या दृष्टीने कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशी लक्षणीय आहेत. मार्गदर्शनाचा आरंभ प्राथमिक शाळेपासून व्हावा आणि किमान कार्यक्रम म्हणून दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असे आयोगाने सुचविले होते. तेवढ्यानेही घराचा प्रभाव नाहीसा होणार नाही, व तो व्हावा अशी अपेक्षाही नाही. कित्येक विद्यार्थ्यांचे खरे बळ घरच असते. शाळेने करावयाचे ते इतकेच : पालकांना विचारविनिमयात सामील करून घ्यावे, प्रत्येक मार्गाचा खर्च, कालावधी, शिष्यवृत्त्या आणि परतीच्या वाटा त्यांच्यापुढे मांडाव्यात, आणि हे प्रवेशअर्जांच्या घाईपूर्वी करावे. तसे झाले, तर शेतमजुराच्या मुलाने केलेली निवड, ती कोणतीही असो, माहितीच्या अभावी केलेली तडजोड राहणार नाही.