गोष्ट अर्धी टाकू नका, बाई!

"वृद्धनिवासात ऑपेरा?" व्यवस्थापकांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिले. "बाई, आमच्याकडे भजन आहे, हास्यमंडळ आहे, सणावाराला नाट्यगीतंही होतात. ऑपेरा कोण ऐकणार?"

त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मी मराठी शिकवणारी. इटालियनचा मला गंध नाही. पुण्याबाहेरच्या या निवासात महिन्यातून एकदा नाट्यपदे ऐकवायला जात असे, एवढाच माझा अधिकार. पण एकदा 'सौभद्रा'तली पदे लावली, तेव्हा टपालखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा उठून म्हणाले, "बाई, 'सौभद्र' आम्हाला तुमच्या जन्माआधीपासून पाठ आहे. जो येतो तो आम्हाला आमचंच परत देऊन जातो. काहीतरी नवं ऐकवा की!"

हा बोल मला लागला. म्हाताऱ्या माणसांच्या हाती जुन्या आठवणी दिल्या की आपले काम झाले, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते. त्यांना नवे काही शिकण्याची हौस असेल, हे ध्यानीमनीही येत नाही. माझ्या संग्रही व्हर्दीचे चारदोन ऑपेरा होते. त्यांच्या भरवशावर सहा गुरुवार ठरवले. दुपारी ४ ते ५, चहाच्या आधी.

पहिला गुरुवार साफ पडला. वर्गात देते तसे व्याख्यान दिले: हा प्रकार इटलीत कसा जन्मला, १६०७ साली मोन्तेव्हेर्दीने 'ऑर्फेओ' कसा रचला, वगैरे. वीस मिनिटांत निम्मे श्रोते पेंगले आणि उरलेल्यांचे डोळे चहाच्या किटलीवर खिळले.

दुसऱ्या गुरुवारी मी कीर्तनकाराची युक्ती उचलली. आधी आख्यान, मग गाणे. आख्यानाला निवडला 'ला त्राव्हियाता'. गाण्यांचा मराठी भावार्थ मोठ्या ठळक अक्षरांत छापून प्रत्येकाच्या हाती दिला. मोठमोठ्या ऑपेरागृहांत आता रंगमंचाच्या वर भाषांतर झळकते. ही सोय टोरांटोला १९८३ साली सुरू झाली. आमचा कागद म्हणजे तिचा गरीब भाऊ!

आवाजाचे मात्र मला शिकावे लागले. ऐकू येत नाही म्हणून तो वाढवला, तर "कानाला टोचतंय" अशी तक्रार. वय झाले की कान आधी उंच स्वर गमावतात. पण आवाज नुसता चढवला तर तो चटकन असह्यही होतो. श्रवणयंत्रे मुख्यतः बोलणे समजावे म्हणून केलेली. गाणे त्यांत पुष्कळदा फाटते. तेव्हा स्पीकर खुर्च्यांजवळ आणला, आवाज उतरवला, पंखे बंद केले आणि दहा मिनिटांहून लांब तुकडा लावायचा नाही असे ठरवले.

मग प्रश्न सुरू झाले. "हे सगळंच गातात? बोलत नाहीत?" मी सांगितले, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून आपली पात्रे संवाद बोलतात आणि मधूनमधून पदे गातात. तिकडे संवादालाही बहुधा चाल असते. "पण दोघं एकदम निरनिराळे शब्द गातात, तर ऐकायचं कुणाचं?" यावर मी उत्तर जुळवते आहे तोच एक आजी म्हणाल्या, "त्यात काय? माझं नि सुनेचं असंच चालायचं!"

खरा रंग भरला तिसऱ्या गुरुवारी. पॅरिसची गणिका व्हिओलेत्ता क्षयाने पोखरलेली. आल्फ्रेदोच्या प्रेमाखातर तिने जुने आयुष्य सोडलेले. त्याचा बाप जेर्माँ तिच्याकडे येतो आणि म्हणतो, या संबंधापायी माझ्या मुलीचे लग्न मोडेल, माझ्या मुलाला सोड. ती सोडते. झाले! खोलीत दोन तट पडले. "बापाचं काय चुकलं? मुलगी उजवायची होती त्याला." "मुलगा याचा, मुलगी याची, आणि त्याग मात्र परक्या बाईनं करायचा?" चहा निवून गेला. एवढ्यात कधीही न बोलणाऱ्या, कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "तिनं हो म्हणायला नको होतं. पण मीही तेव्हा हो म्हटलं होतं."

कशाला, ते कोणी विचारले नाही.

शेवटचा अंक जवळ आला तेव्हा व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतले. "मरणाचा प्रवेश तेवढा गाळा. गेल्या महिन्यातच आमच्याकडचे दोघं गेले." मला ते पटले. पुढच्या गुरुवारी दुसरी गोष्ट घेऊ, असे मी जाहीर केले, तोच टपालवाले आजोबा कडाडले, "गोष्ट अर्धी टाकू नका, बाई! आम्ही काय कुकुली बाळं आहोत?"

मी अंक लावला. इतका वेळ गाणारी व्हिओलेत्ता, जेर्माँचे पत्र आल्यावर मात्र गात नाही. ती ते नुसते वाचते. मागे व्हायोलिनवर पहिल्या भेटीतली प्रेमाची धून हळूच वाजते. तुकडा संपला. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पत्र असंच वाचतात. खेड्यापाड्यांत मी किती वाचून दाखवली. वाईट बातमीला सूर लागत नाही."

हा ऑपेरा १८५३ साली व्हेनिसला प्रथम झाला तेव्हा पडला होता. क्षयरोगी नायिका अंगाने भरलेली पाहून प्रेक्षक हसले. वर्षभराने, थोडा सुधारल्यावर, त्याच शहरात तो उचलला गेला. हे सांगितल्यावर माझा पहिला गुरुवार मला माफ झाला.

शेवटच्या दिवशी व्हर्दीच्या घराची हकिकत सांगितली. मिलानला त्याने वृद्ध, गरजू गायकवादकांसाठी निवास बांधला. लोकांनी आभार मानू नयेत म्हणून आपल्या हयातीत तो उघडू दिला नाही. १९०१ साली तो वारला आणि १९०२ साली तिथे पहिली माणसे राहायला आली. व्हर्दी पत्नीशेजारी तिथेच चिरनिद्रा घेतो आहे. आता त्या घरात संगीत शिकणारी तरुण मुलेही राहतात.

"म्हणजे तिथंही शिकणं संपलेलं नाही," आजोबा म्हणाले. "मग आमचं पुढं काय?"

व्हर्दीचा शेवटचा ऑपेरा 'फाल्स्टाफ' रंगभूमीवर आला तो १८९३ साली, त्याच्या ऐंशीव्या वर्षी. आणि तो चक्क विनोदी आहे. दिवाळीनंतरचे सहा गुरुवार आम्ही त्यालाच दिले आहेत. या खेपेला भावार्थाचा एक कागद जास्त छापायचा आहे. व्यवस्थापकांनी मागितला आहे.