रिकाम्या आसनाची बातमी

2005 सालच्या दिवाळींतील ही गोष्ट. बंगळूरांत नोकरी करणारे तरुण अभियंते फणींद्र सामा यांस हैदराबादेस जाण्यासाठीं बसचें तिकीट मिळेना. अशी निराशा पुष्कळांच्या वांट्यास येते; परंतु सामा यांनीं तिचें कारण शोधिलें. प्रत्येक दलालास मोजक्याच मालकांच्या गाड्यांची माहिती असे. त्यामुळें एका गाडींत आसन रिकामें राही आणि तें हवें असणारा प्रवासी दुसऱ्याच दुकानाहून विन्मुख परते. दोघांची गांठ घालून देणारी बातमीच कोठें एकत्र नव्हती.

2006 सालीं त्यांनीं दोन मित्रांसह ‘रेडबस’ काढली. प्रथम गाडीमालकांच्या उपयोगासाठीं संगणकाची प्रणाली रचिली. पण ती घेण्यास मालक उत्सुक दिसेनात. तेव्हां हट्ट न धरितां त्यांनीं मालकांकडून आसनें मागून घेऊन तीं इंटरनेटवर विकण्यास आरंभ केला. विक्री होऊं लागली, तसा विश्वासहि बसत गेला. 2013 सालीं इबिबो समूहानें ही संस्था विकत घेतली.

इंटरनेट हें साधन आज पुष्कळांच्या हातीं आहे. तेवढ्यानें धंदा उभा राहत नाहीं. लोकांची खरी अडचण ओळखावी, आपली योजना चुकल्यास ती खुशाल टाकावी; अडचणीचा पाठपुरावा मात्र सोडूं नये, हाच यांतील बोध होय.