चारच गोळ्या द्या

संपादक म्हणाले, ‘ऑनलाइन औषधांवर लिही.’ मी मोबाइल खिशात टाकला आणि पेठेतल्या एका जुन्या मेडिकलच्या काउंटरमागे दोन संध्याकाळी बसून काढल्या.

नजर खिळली ती कात्रीवर. कुणी ‘काका, चारच द्या’ म्हटलं, की काका आधी स्ट्रिप उलटी करतात, बॅच आणि एक्सपायरी कुठल्या टोकाला छापलीय ते बघतात आणि विरुद्ध टोकाकडून कापतात. उरलेल्या तुकड्यावर तारीख राहिली पाहिजे. नाहीतर तो तुकडा कचराच. गोळ्या कागदी पाकिटात जातात आणि पाकिटावर पेनाने सूर्य किंवा चंद्र उमटतो. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कळतं.

उरलेल्या सहा गोळ्या नाही खपल्या, तर भुर्दंड काकांना. कापलेली स्ट्रिप स्टॉकिस्ट सहसा परत घेत नाही. हा तोटा भरून निघायचा तो बीपी-शुगरच्या महिन्याच्या गिऱ्हाइकांवर. ॲपने नेमकी तीच नेली. किंमत-नियंत्रणातल्या औषधांवर दुकानदाराला 16 टक्के सुटतात. त्यातून सूट देणार किती?

भांडण जुनंच आहे. औषधविक्रेत्यांनी 2015, 2017 आणि 2018 साली देशभर बंद पाळले. ऑगस्ट 2018 मध्ये ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा आला, तो वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे परवानाधारक दुकानांना घरपोच औषधं द्यायची मुभा मिळाली. काकांकडे पोहोचवायला माणूस एकच, त्याची सायकलही त्याच्याच वयाची.

विम्याने मात्र गाजावाजा न करता धंदा नेला. ‘कॅशलेस’ पेशंटची चिठ्ठी हॉस्पिटलबाहेर येतच नाही. औषध आतल्या फार्मसीतून, बिल विमा कंपनीकडे. रात्री दोनला इंजेक्शनची यादी घेऊन धावणं संपलं, हे बरंच झालं. वडिलांच्या वेळी मीही धावलोय. डिस्चार्जनंतरच्या औषधांचा खर्च बऱ्याच पॉलिसींत 60 दिवसांपर्यंत मिळतो, त्यासाठी लोक अजून येतात, पण पक्क्या बिलाला. एका बाईंच्या बिलावर नुसतं आडनाव होतं, क्लेम अडकला. आता काका प्रत्येकाला पूर्ण नाव विचारतात. तीस वर्षांच्या शेजाऱ्यालासुद्धा.

साडेनऊला शटर अर्धं खाली आलं होतं. पलीकडच्या सोसायटीतला एक मुलगा वाकून आत डोकावला.

‘काका, बाबांच्या बीपीच्या गोळ्या ॲपवर मागवल्यात, पण त्या परवा येणार. तोवर दोन द्याल?’

‘चिठ्ठी?’

त्याने मोबाइल पुढे केला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून औषधाचं नाव वाचलं, मग स्ट्रिप उलटी करून तारीख शोधू लागले.